ठिकाण आणि पत्ता

दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या माझ्या नातीने एका दुपारी विचारले, "आबा, आपल्या पालघरात जिओकॅशिंग आहे का हो?" उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाच्या कानात त्यातला 'कॅश' तेवढाच शिरला. मी म्हटले, "एखाद्या बँकेची नवी ठेवयोजना असेल. व्याज किती देतात?" त्यावर ती इतकी हसली की तिची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मग तिने मला समजावून सांगितले. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, दडवून ठेवलेली वस्तू. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीच्यांनी मोबाईलच्या मदतीने तो शोधून काढायचा. डब्यात एक वही असते. तीत आपले नाव लिहायचे आणि डबा होता तसा ठेवून यायचे. बस्स, एवढाच खेळ. लहानपणी आपण खेळलो तो खजिन्याचा शोध, फक्त 'चिंचेच्या झाडापासून वीस पावले' याऐवजी आकाशातल्या उपग्रहाचा हवाला.

या खेळाला जन्मतारीख आहे. अमेरिकेच्या उपग्रहांवरून मिळणाऱ्या ठिकाणाच्या माहितीत सामान्य नागरिकांसाठी पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे. यंत्र दाखवी त्याच्या शंभर मीटर इकडेतिकडे तुम्ही असू शकत होता. २ मे २००० पासून ही भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाने रानात एक प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवले. बादलीत वही-पेन्सिल होती, काही किरकोळ वस्तू होत्या आणि घेवड्याचा एक सीलबंद डबाही होता. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे दडवलेले आहेत. अर्थात हौस जुनीच. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एका आडजागी बाटली ठेवली होती. तिथवर पोचणाऱ्याने आपले कार्ड तीत टाकायचे.

हे सारे मी विसरूनही गेलो असतो. पण बोईसरच्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई माझ्या परिचयाच्या आहेत. त्या एकदा त्राग्याने म्हणाल्या, "काका, आठवीच्या वर्गाला फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे पाठ आहेत. पण तारापूरला किल्ला आहे हे अडतीस मुलांपैकी सहा जणांना माहीत आहे. त्यातली दोन तिथेच राहतात."

बोईसरचा वर्ग म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. औद्योगिक वसाहतीमुळे इथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुले आहेत. अणुशक्ती केंद्रामुळे देशभरातल्या तंत्रज्ञांची आहेत. त्यांच्या शेजारच्या बाकावर वाडवळ, भंडारी, मांगेला आणि वारली घरांतली मुले बसतात. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याची ओळख असते, पण तिसरी सरली की जिल्हाही सरतो. आणि आमचा जिल्हा तरी कितीसा जुना? १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला. वर्गातली बहुतेक मुले त्याच्याच वयाच्या आसपासची.

मी बाईंना नातीचा खेळ सांगितला. त्यांना तो आवडला. पाच ठिकाणे मी निवडायची, चिठ्ठ्या मी लिहायच्या, मुले त्या शोधणार. कादंबरीकाराला असे काम दिले की तो भलताच खूश होतो. मी पालघर शहरातली पाच ठिकाणे काढली आणि पाच चुरचुरीत चिठ्ठ्या लिहिल्या.

एका शनिवारी आम्ही बोईसरहून लोकलने निघालो. गाडीत बाईंनी एक सुरेख गोष्ट केली. मोबाईलवर बोईसर स्थानकाचे अक्षांश मुलांना लिहून घ्यायला लावले, साधारण १९ अंश ४८ मिनिटे. उमरोळी गेले, पालघर आले, तेव्हा पुन्हा पाहिले तर १९ अंश ४२ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा सहा मिनिटांचे किती? मुलांनी गुणाकार केला, अकरा किलोमीटर. रूळ जरा वळत जातात, म्हणून रेल्वेने थोडे जास्त. भूगोलाच्या पुस्तकातल्या आडव्या रेघा प्रथमच कोणाच्या तरी कामाला आल्या होत्या.

पुढचा सगळा कार्यक्रम मात्र फसला. मुले ठिकाणांवर धावत गेली, फलकांचे फोटो काढले, त्यांवरून उत्तरे उतरवली. सहांपैकी दोन गट स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशीच बसून राहिले. त्यांना उत्तरे मित्रांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पोचली होती. तासाभरात सगळे परत आले, सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण. बाई माझ्याकडे पाहत होत्या आणि मी आकाशाकडे.

सगळे परतले होते, पण एक मुलगा नव्हता. तो सापडला हुतात्मा स्तंभापाशी.

पालघरकरांना या जागेविषयी सांगायला नको. १४ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव' चळवळीत कचेरीवर मोर्चा आला. किनाऱ्यावरच्या आणि आतल्या गावांतून माणसे चालत आली होती. गोळीबार झाला आणि पाच जण गेले. पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी, मोरे. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड अशी आपल्या रोजच्या बोलण्यातली गावे त्यांच्या नावांशी जोडलेली आहेत. दरवर्षी त्या दिवशी पालघर बंद असते आणि लोक स्तंभापाशी जमतात. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी स्वतःहून दुकाने बंद ठेवणारे हे गाव आहे.

तो मुलगाही तिवारीच. वडील बोईसरला एका कारखान्यात कामाला, गाव उत्तर प्रदेशात. तो मला म्हणाला, "सर, हे तिवारी इथले होते?" मी म्हटले, "हो, पालघरचेच." "मग ते इथे कधी आले? त्यांचे वडील काय करायचे?" मला सांगता आले नाही. माझ्या चिठ्ठीत प्रश्न होता, 'स्तंभावर किती नावे आहेत?' त्याचे उत्तर पाच, आणि ते त्याने केव्हाच लिहून टाकले होते.

परतीच्या गाडीत मी त्या दोन प्रश्नांची तुलना करीत बसलो. माझ्या प्रश्नाचे उत्तर जागेवर लिहिलेले होते, म्हणून मोबाईलने ते क्षणात आणून दिले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर जागेवर नव्हते. ते कोणाच्या तरी घरी होते, कदाचित एखाद्या ट्रंकेत, नाहीतर एखाद्या ऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोक्यात. तिथपर्यंत उपग्रह पोचवत नाही. तिथे दार वाजवावे लागते, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि 'बस, पाणी घे' म्हटल्यावर थोडा वेळ बसावे लागते.

इतिहास शिकवायला तंत्रज्ञान आणा, असे आज जो तो म्हणतो. मीही म्हणतो. पण आणून त्याला कोणते काम द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. माहिती देणे हे काम त्याला दिले तर मूल वडापावच्या गाडीपाशीच बसून राहील, कारण माहिती तिथेही मिळते. मुलाला घराबाहेर काढून एका नेमक्या जागेपर्यंत नेणे, एवढेच काम द्यावे. तिथून पुढचे काम माणसांचे.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही नियम बदलले. डबा किल्ल्यावर किंवा स्मारकावर ठेवायचा नाही, गावातल्या माणसाकडे ठेवायचा. पिठाची गिरणी, किराणा दुकान, एखाद्या आजींची पडवी. आधी मुलांनी मोबाईलवरून मूळ जागी जायचे, ती डोळ्यांनी पाहायची, तिथे काय दिसते ते लिहायचे आणि मग डबा असलेले घर गाठायचे. डब्यात उत्तर नाही, प्रश्न. आणि तो असा, की ज्याचे उत्तर किमान दोन माणसांना विचारल्याशिवाय मिळणार नाही. सहा मुलांत एकच मोबाईल.

या वेळी आम्ही तारापूर आणि चिंचणी निवडली. तयारीसाठी मी पुस्तके काढली आणि माझीच लाज वाटली. बोईसर परिसरातल्या एका शाखेत मी काही वर्षे अधिकारी होतो. तारापूरचे खातेदार माझ्या समोर बसत. पण या गावच्या विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात मोठी पेढी चालवली, आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून निघणारा रुपया त्यांच्यावरून 'पेस्तनशाही' म्हणून ओळखला गेला, हे मला निवृत्तीनंतर कळले. तारापूरच्या लोकांच्या नोटा मी मोजल्या आणि तारापूरच्या माणसाच्या नावाचे नाणे होते हे मला ठाऊक नव्हते!

किल्ल्याचेही तेच. पोर्तुगीजांचा तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार पडला. वसई त्यानंतर मे महिन्यात आली. वसईचा विजय सगळ्यांना माहीत असतो. त्याची किंमत आधी तारापुरात मोजली गेली होती, हे तारापूरच्या शेजारच्या मुलांना सांगायला नको का? किल्ल्याच्या आत आज खासगी वाडी आहे. परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून मुलांनी तट बाहेरूनच पाहिला.

पण मुलांना सर्वांत जास्त भावला तो चिंचणीचा ताम्रपट. १९५० च्या दशकात चिंचणीला काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाणच्या प्रदेशाचा कारभार मधुमती नावाचा अधिकारी पाहत होता. मधुमती हे मोहम्मद या नावाचे संस्कृत रूप. तो अरब होता. त्याच्या राज्यात एका ब्राह्मणाने देवीसाठी मठिका बांधली, तिला जमीन मिळाली. आणि या अधिकाऱ्याने प्रजेसाठी काय केले? नद्या ओलांडायला फुकट होडी ठेवली आणि अन्नछत्र घातले. त्यात भात, कालवण आणि तूप मिळे, असे ताम्रपटात नोंदवलेले आहे.

डब्यातल्या चिठ्ठीवर मी लिहिले, 'हजार वर्षांपूर्वी इथे नदी ओलांडायला फुकट होडी होती. तुमच्या आजोबांच्या लहानपणी चिंचणीहून तारापूरला खाडीपार कसे जात? खाडीच्या दोन्ही बाजूंना विचारा.' मुले दोन तास हिंडली. कोणी होडीची आठवण सांगितली, कोणी ओहोटीला चिखल तुडवत गेल्याची, कोणी खाडीत पडलेल्या वरातीची. त्या वरातीतली नवरी कोण यावर दोन घरांत मतभेद झाले. मुले परत आली तेव्हा त्यांच्या वह्या भरल्या होत्या आणि एका गटाला कोणीतरी जेवूही घातले होते. भात, कालवण. तूप नव्हते, तेवढेच.

आता मला जे सांगायचे आहे, ते माझ्याविषयीचे आहे.

तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ साली वीज द्यायला सुरुवात केली. देशातले ते पहिले. पुढे तिथे तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, २००५ आणि २००६ साली. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची गावे. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. विजेची गरज होती की नव्हती, हा वाद मी इथे घालणार नाही. माझ्या घरातही तीच वीज येत असेल.

त्या सुमारास मी शाखेत होतो. खातेदारांचे पत्ते बदलण्याचे अर्ज माझ्या टेबलावर येत. रजिस्टरमध्ये जुना पत्ता लाल शाईने खोडायचा, नवा लिहायचा, बाजूला सही करायची. एक म्हातारी आली होती. नव्या घराचा पुरावा तिच्याकडे नव्हता, म्हणून मी तिला दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा कागद घेऊन आली. मी पासबुक पुढे ओढून पोफरण या शब्दावर रेघ मारली, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, तो खोडू नका. नवा खाली लिहा." मी म्हटले, "आजी, नियम आहे. एका खात्याला एकच पत्ता." नियम होताच. मी काही चूक केली नाही. फक्त तिला विचारले नाही, की तुमच्या घरापुढे काय होते. मी तेव्हा कादंबऱ्या लिहीत होतो, बरे का! रोज संध्याकाळी घरी जाऊन माणसांच्या मनाचे तळ शोधत होतो.

या खेळातले पाचवे ठिकाण मी पोफरण ठेवले. तिथे जायचे नाही, जाताही येणार नाही. तो सुरक्षित परिसर आहे आणि त्याच्या आसपास मोबाईल घेऊन मुलांनी घुटमळणेही योग्य नाही. पण ठिकाण नाहीसे होत नाही. अक्षांश-रेखांश तेच राहतात. हरवतो तो पत्ता. कोण कोणाच्या शेजारी राहत होते, विहीर कोणत्या अंगाला होती, होड्या कुठे ओढत होते, शाळा सुटल्यावर मुले कोणत्या वाटेने पळत होती. मुलांना मी इतकेच सांगितले, की या गावात राहिलेली माणसे शोधा आणि त्यांच्या सांगण्यावरून गावाचा नकाशा काढा.

पाच माणसे सापडली. वर्गातल्याच एका मुलीची आजी त्यांतली एक निघाली. ती मुलगी वर्षभर त्या बाकावर बसत होती आणि तिची आजी पोफरणची आहे हे कोणालाच माहीत नव्हते, बाईंनाही नाही. नकाशा काढायचे काम तिवारीने अंगावर घेतले. त्याचा हात चांगला आहे.

असा खेळ आणखी शाळांनी करावा, असे मला वाटते. त्याला खर्च नाही. राज्याने २०२४ साली पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' सुरू केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे. ते दिवस चित्रकलेच्या कागदांत आणि भाषणांत घालवण्यापेक्षा गावात घालवावेत. आमच्या जिल्ह्याला हे नवेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर हेच केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेजवळ उपग्रह नव्हता, एवढाच फरक.

काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. स्टेशनावर, बसथांब्यावर डबा ठेवू नका. बेवारस वस्तू म्हणून धावपळ होईल, आणि ती योग्यच असेल. संरक्षित स्मारकांत काही खोचू नका, उकरू नका. आणि अनोळखी गावात जाण्याआधी सरपंचांना, पोलीस पाटलांना सांगा, गावातले एक माणूस बरोबर घ्या. एप्रिल २०२० मध्ये याच जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवांमुळे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. त्या अफवाही मोबाईलवरून फिरल्या होत्या. जे यंत्र मुलाला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊ शकते, तेच त्या दारावरच्या माणसाला दुसऱ्याचे भय घालू शकते. माणसे एकमेकांच्या ओळखीची होणे, हे आमच्या जिल्ह्यात इतिहासाच्या गुणांपेक्षा मोठे काम आहे.

नकाशा अजून पुरा झालेला नाही. विहिरीवरून अडले आहे. दोन आज्या म्हणतात देवळाच्या डाव्या अंगाला, एक आजोबा म्हणतात उजव्या. मुलांनी मला विचारले, "सर, खरे कोणते?" मी म्हटले, मला माहीत नाही, त्यांनाच एकत्र बसवा. आजोबांची तब्येत जरा नरम आहे. बरे वाटले की ते स्वतः शाळेत येणार आहेत, खडू घेऊन फळ्यावर दाखवायला. बाईंनी त्यांच्यासाठी तास राखून ठेवला आहे.